पाडव्याचा ताळेबंद

दिवाळीच्या दिवसांत आपल्या मोबाइलवर काही फोटो हमखास येतात. परदेशात शिकायला गेलेली भाचरं-पुतणी झब्बे-साड्या घालून उभी असतात. पुढं पणत्या, बाजूला फराळाची ताटली, आणि खाली आईवडिलांनी कौतुकानं लिहिलेली एखादी ओळ. आपण ‘कित्ती छान!’ म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. मीही तेच करीत आलो. पण २०२३ सालच्या दिवाळीत योग असा आला की, असा एक फोटो निघत असताना मी त्याच खोलीत, फोन धरणाऱ्याच्या पाठीशी उभा होतो. फोटोत काय येतं आणि काय येत नाही, हे त्या दिवशी मला दिसलं.

बँकेत माझी छत्तीस वर्षं गेली. बँकेतल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. ३१ मार्च जवळ आला की आम्ही शाखेचा ताळेबंद नटवायला घ्यायचो. ठेवींचा आकडा फुगावा म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याला गळ घालायची, त्यानं चार दिवस रक्कम ठेवायची आणि एप्रिल लागला की काढून न्यायची. आकडा खोटा नसे, फक्त त्या एका दिवसापुरताच खरा असे. वरच्या साहेबांना हे ठाऊक असे आणि त्यांच्याही वरच्यांना. सगळे मिळून समाधानी असत.

तर ही पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. उशिरा झालेली, म्हणून जरा जास्तच लाडाची. भाऊ सांगलीला शाळामास्तर होता. २०१९ साली तो गेला. मागं वहिनी, ही मुलगी आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. पोर हुशार. मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि २०२१च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या आखेन या गावी पुढच्या शिक्षणासाठी गेली.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांतून बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की शिक्षण फुकट. ते तसं नाही. सहा महिन्यांच्या सत्राला तिथं तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरावी लागे, त्यात बस-रेल्वेचा पास येई. खरी मेख निराळीच आहे. व्हिसा मिळायचा तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावी लागते. २०२१ साली ती १०,३३२ युरो होती, म्हणजे आपले नऊ लाखांच्या घरात. पैसे तुमचे, पण दरमहा त्यातले ८६१ युरोच तुमच्या हाती येणार. नंतर ही रक्कम वाढत गेली. मला बँकवाला म्हणून ही व्यवस्था आवडली, काका म्हणून पोटात गोळा आला.

मग शैक्षणिक कर्ज आलं. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की तारण आलं. वहिनींनी फ्लॅट गहाण टाकला. जामीनदार म्हणून मी सही केली. जामिनाचा अर्थ मी शेकडो लोकांना समजावून सांगितला असेल. ‘अहो, फॉर्मॅलिटी असते’ म्हणत सही करू पाहणाऱ्यांना थांबवलंही असेल. स्वतःच्या सहीच्या वेळी मात्र माझं पेन क्षणभर अडलं, हे कबूल करतो.

कर्ज काढून जर्मनीला शिकायला जाणं आपल्याकडे नवं नाही. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, तेव्हा सासऱ्यांची, म्हणजे महर्षी कर्व्यांची, संमती नव्हती आणि पैशाची सोय जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून झाली. मी निघायच्या आधी वहिनींना हे सांगितलं, त्यांना धीर यावा म्हणून. त्या म्हणाल्या, “भाऊजी, इरावतीबाईंच्या सासऱ्यांनी फ्लॅट गहाण टाकला नव्हता.” यावर मी काय बोलणार?

गुरुवारी ९ नोव्हेंबरला, आपल्या वसुबारसेच्या दिवशी, मी आखेनला पोचलो. माझी उतरण्याची सोय तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी केली होती. बरोबर चकलीची भाजणी, चिवडा, उटणं, मोती साबण, आकाशकंदिलाचा घडीचा सांगाडा आणि वहिनींनी आठवणीनं दिलेलं २०२४ सालचं कालनिर्णय. लाडू-पेढे नाहीत. दुधातुपाचे पदार्थ प्रवाशाला युरोपात नेता येत नाहीत, हे पुतणीनं तीन-तीनदा बजावलं होतं.

आखेन हे बेल्जियम आणि हॉलंडच्या सीमेला टेकलेलं गाव. शार्लमेन सम्राटानं बाराशे वर्षांपूर्वी बांधलेलं प्रार्थनामंदिर अजून उभं आहे. जर्मनीतल्या वास्तूंपैकी जागतिक वारशाच्या यादीत १९७८ साली पहिल्यांदा दाखल झालं ते हेच. शिवाय १८७० साली सुरू झालेलं तंत्रविद्यापीठ. थिओडोर फॉन कारमान हे वायुगतिशास्त्रातलं मोठं नाव, ते इथं शिकवीत होते. गावात जिकडं पाहावं तिकडं विद्यार्थी, त्यांत आपले देशी चेहरे पुष्कळ.

त्या संध्याकाळी ती मला घेऊन बाहेर पडली. इतक्या लवकर मिट्ट काळोख. एका घरासमोर फरशीत बसवलेले लहानसे पितळी चौकोन, विताएवढेही नाहीत. त्यांच्यापाशी कुणीतरी मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या. ज्यू माणसांना घरातून ओढून नेलं गेलं, त्यांची नावं कोरून त्यांच्या दाराशी असे चौकोन बसवतात. आज जर्मनीत आणि युरोपभर असे लाखावर चौकोन आहेत. मी वाकून पाहिलं. ॲन फ्रँक. जिची डायरी आपल्या मुलींनी शाळेत वाचली, तीच. ॲनची आई या गावची. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, त्यानंतर ॲमस्टरडॅमला जाण्याआधी ॲन काही महिने इथं आजीकडे राहिली होती. आणि १९३८ साली ९ नोव्हेंबरच्याच रात्री देशभरातली ज्यू प्रार्थनामंदिरं जाळली गेली. आखेनचंही जळलं. त्याच जागी १९९५ साली नवं उभं राहिलं.

“काका, दर वर्षी या तारखेला दिवे लावतात,” पुतणी म्हणाली. “आपली वसुबारसही आजच आली.” मग जरा थांबून, “इथं सगळं विसरायला नको म्हणून लिहून ठेवतात. आपण उलटं करतो ना?” मला तेव्हा त्या बोलण्यातला रोख कळला नाही. इतिहासाबद्दल बोलते आहे असं वाटलं.

शुक्रवारी धनत्रयोदशी. ती सकाळी आठला गेली ती संध्याकाळी पाचला भेटली. तिचा आठवडा तिनं मला सांगितला तो असा : चार दिवस लेक्चरं, दर आठवड्याला गणितांचा एक संच सोडवून द्यायचा, एक प्रयोगशाळा, प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून आठ तास काम आणि शनिवार-रविवारी पहाटे बेकरीत. परदेशी विद्यार्थ्यांना तेव्हा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस काम करायची मुभा होती. २०२४च्या मार्चपासून ती १४० आणि २८० झाली. पोर दिवस मोजून वहीत लिहीत होती. वही पाहून मला भाऊ आठवला. तोही शाळेच्या सहलीचा हिशेब असाच, पै न् पैचा, बारीक अक्षरात लिहायचा.

परतताना रस्ता अडला होता. शे-दीडशे पोरं हातात कागदी कंदील घेऊन गात चालली होती आणि पुढं घोड्यावर लाल झगा घातलेला स्वार. संत मार्टिनची मिरवणूक. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला या मार्टिननं आपला झगा तलवारीनं कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. त्याचा दिवस ११ नोव्हेंबर. त्या आठवड्यात या भागातल्या शाळाशाळांतून अशा मिरवणुका निघतात. मुलांना माणसाच्या आकाराचा गोड पाव मिळतो, त्याच्या हातात मातीची चिलीमसुद्धा असते! धनत्रयोदशीच्या संध्याकाळी परक्या गावात शंभर कंदील समोरून आले. मी हरखून गेलो. शेजारी पाहिलं तर पुतणी उभ्या उभ्या भिंतीला टेकून डोळे मिटून होती. “झोप लागली होती?” मी विचारलं. “नाही, ऐकत होते,” ती म्हणाली.

शनिवारी धांदल उडाली, कारण लक्ष्मीपूजन रविवारी आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मीठ विसरलात तर सोमवारपर्यंत अळणी खा. पुतणी बेकरीतून सुटली आणि आम्ही पिशव्या घेऊन निघालो. चौकात विदूषकांचे पोशाख घातलेली थोर माणसं नाचत होती. अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला अकरा वाजून अकरा मिनिटांनी या प्रांतात कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो म्हणे. एका टोपीवाल्या आजोबांनी माझ्या गालाला लाल रंग फासला. मी तो पुसला नाही. रंगपंचमी समजलो.

तिच्या घरात चौघी-चौघे मिळून राहत. प्रत्येकाला एक खोली आणि स्वयंपाकघर सामायिक. एक केरळची मुलगी, एक इराणी मुलगा आणि एक जर्मन मुलगी. शिवाय खालच्या मजल्यावरचा नाशिकचा मुलगा, जो फराळाच्या वासानं येतोच. बेसन मिळालं. तूपही मिळालं. तिथं ते लोणी कढवून डब्यात भरून विकतात, नाव लांबलचक, पण चव आपलीच. बेसन भाजायला घेतलं आणि दहा मिनिटांत छताला बसवलेला धुराचा भोंगा असा काही किंचाळला की मला वाटलं आता पोलीस येणार. जर्मन मुलगी शांतपणे आली, खुर्चीवर चढली, भोंग्यावर टॉवेल धरून उभी राहिली. लाडू वळून होईपर्यंत ती तशीच उभी. उतरली तेव्हा इराणी पोरानं पहिला लाडू तिला दिला. चकल्या मात्र मोडल्या. नाशिककर म्हणाला, “काका, कडबोळी म्हणू या.”

तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. सगळे हसत होते. पुतणी उठून खोलीत गेली आणि दार लावून गणितांचा संच सोडवायला बसली. तो सोमवारी द्यायचा होता.

आपल्या आणि तिथल्या घड्याळात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर. सांगलीला वहिनी पहाटे पाचला अभ्यंगस्नानासाठी उठल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला, तेव्हा आखेनला रात्रीचे साडेबारा झाले होते. “उठलीस का गं?” आईनं विचारलं. “उठले,” लेक म्हणाली. ती झोपलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मला हे हसत हसत सांगितलं. उटणं लावून, पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून नळ अर्धवट सोडून तिनं आंघोळ केली, दोनला झोपली, पाचला उठून बेकरीत गेली. तिथं रविवारी इतर दुकानं बंद असली तरी बेकऱ्या सकाळचे काही तास उघडतात. मीही, सांगलीची वेळ साधावी म्हणून, माझ्या मुक्कामी साडेबाराला आंघोळ उरकली. सकाळी घरमालकीणबाईंनी काळजीनं विचारलं, रात्री पोट बिघडलं होतं का? नरकासुराची कथा इंग्रजीतून सांगता सांगता माझी जी तारांबळ झाली, ती इथं सांगत नाही.

लक्ष्मीपूजन संध्याकाळी सातचं, म्हणजे तिथं दुपारी अडीचचं. बाहेर लख्ख उजेड. पुतणीनं काय केलं, तर खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला. खोलीत संध्याकाळ झाली. टेबलावर आईची जुनी ओढणी अंथरली, त्यावर लक्ष्मीचा फोटो, एक चांदीचं नाणं, धने-गूळ, कागदी कंदील आणि चार पणत्या. केरळच्या मुलीनं तिला साडी नेसवली. नाशिककरानं फोन धरला. पलीकडं सांगलीचं घर उजळलं. वहिनी, शेजारच्या काकू, त्यांची नातवंडं. “किती छान गं! अगदी घरच्यासारखं!”

मी नाशिककराच्या मागं उभा होतो. फोनच्या काचेत तो उजळलेला कोपरा दिसत होता. काचेच्या बाहेर राहिलेली खोली मला दिसत होती. दोरीवर वाळत घातलेली बेकरीची एप्रनं. पलंगावर कागदांचे गठ्ठे, खाली कॉफीचे न धुतलेले पाच कप. औषधाची एक बाटली. कपाटाच्या आतल्या बाजूला मी आणलेलं कालनिर्णय तिनं टांगलं होतं आणि घाईत दार उघडंच राहिलं होतं. पान फेब्रुवारीचं. एका तारखेभोवती लाल वर्तुळ, आत तिच्या अक्षरात एकच शब्द : ‘शेवटची’.

चला, मी मनात म्हटलं, फेब्रुवारीत शेवटची परीक्षा. मग नोकरी, मग हप्ते. मला बरं वाटलं. वाचन चुकलं की माणसाला किती बरं वाटतं!

सोमवार साधा होता. ती ग्रंथालयात, मी गावात भटकत. एका दुकानात तिथली प्रसिद्ध प्रिंटेन बिस्किटं घेतली. दालचिनी, लवंग, धने घातलेली. चावताना आपल्या मसाल्याच्या डब्याची आठवण होते आणि कवळीची काळजी वाटते.

मंगळवारी पाडवा. दोन लेक्चरांच्या मधे तिला तासभर मोकळा होता. गावात गरम पाण्याचे झरे आहेत. खांबांच्या देखण्या मंडपात कारंज्यातून ते पाणी येतं आणि त्याला गंधकाचा वास. वज्रेश्वरीच्या कुंडावर उभं राहिल्यासारखं वाटलं. तिथल्या बाकावर आम्ही डबा उघडला. पाडवा म्हणजे व्यापाऱ्याचं नवं वर्ष, वहीपूजनाचा दिवस. मी सहज, खुशीत विचारलं, “काय मग, फेब्रुवारीत शेवटची परीक्षा दिलीस की सुटलीस ना?”

तिनं हातातली चकली खाली ठेवली. “काका, तुम्ही कॅलेंडर पाहिलंत?” म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, “शेवटची परीक्षा नाही. शेवटची संधी.”

तिथला नियम असा की एखाद्या विषयात तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालात की तो अभ्यासक्रम त्या विद्यापीठात संपला. दुसरीकडे त्याच विषयाला प्रवेश मिळणंही मग अवघड. प्रवेश गेला की विद्यार्थी म्हणून मिळालेल्या परवान्याचा आधारही जातो. गुणांची रीतसुद्धा आपल्या उलट. १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास, ५ म्हणजे नापास. द्रवगतिशास्त्रात पोरीला दोनदा ५ मिळाले होते. पहिल्या वेळी परीक्षेचा ढंगच कळला नव्हता, दुसऱ्या वेळी बेकरीचे तास वाढवले होते. घरी तिनं सांगितलं होतं, “इथं सगळ्यांना थोडा जास्त वेळ लागतोच.” हेही खरंच आहे. ३१ मार्चच्या आकड्याइतकं खरं.

आता एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. लिहितो. तिचं ऐकून माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो तिचा नव्हता. सांगलीच्या फ्लॅटचा होता. तारण, थकबाकी, जामीनदाराला जाणारी नोटीस, सगळा क्रम डोळ्यांपुढून सरकला. छत्तीस वर्षांची सवय. मग मी तिच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसाला अजून उटण्याचा वास. शुक्रवारी भिंतीला टेकून ती उभ्या उभ्या झोपली होती, हे मला आता कळलं.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली.

“मी नाही सांगणार,” मी म्हणालो. “पण पाडव्याला वहीत खोटी बाकी ओढत नाहीत. सांगायचं तूच.”

आणि मग जे मी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. बँकेत अधिकाऱ्यांसाठी सीएआयआयबी नावाची परीक्षा असते. मी त्यात तीनदा नापास झालो. घरी सांगितलं की कामामुळे बसलोच नाही. पहिल्या खेपेला निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन घरी गेलो होतो, मित्राला मुलगा झाला म्हणून. खरं तर पेढे पास झाल्यावर वाटायचे म्हणून आदल्या दिवशीच घेऊन ठेवले होते. मला त्या खोटेपणाचं ओझं नापासाहून जास्त झालं. दर खेपेला अभ्यासाला बसलो की धड्याआधी तेच समोर येई. पुतणी डोळे पुसून हसली. “काका, तीनदा? म्हणजे तुम्हाला तर इथून घालवलंच असतं!”

बुधवारी भाऊबीज. पुतणीला भाऊ नाही, नाशिककराला बहीण नाही. तिनं त्याला ओवाळलं. इराणी मुलगा दारात घुटमळत होता, त्यालाही पाटावर बसवलं. पाट म्हणजे जाडजूड पाठ्यपुस्तकांवर घातलेली उशी. त्यानं ओवाळणी म्हणून एक डाळिंब दिलं. मग सगळे गेल्यावर दुपारी एकला, सांगलीच्या साडेपाचला, तिनं आईला फोन लावला. मला म्हणाली, “काका, इथंच थांबा.” या वेळी पडदा ओढला नव्हता. फोन तिनं हातातच धरला होता. मागं दोरीवरची एप्रनं, कागद, कप, सगळं दिसत असणार.

तिनं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडं शांतता. मी मनात वहिनींची वाक्यं जुळवीत होतो : घर गहाण टाकलं, तुझे बाबा असते तर, लोक काय म्हणतील.

वहिनी म्हणाल्या, “मला अंदाज होता.”

“कसा?”

“अगं, वर्षभर तू मला तोच एक कोपरा दाखवतेस. इतकी नीटनेटकी तू कधी होतीस?” मग म्हणाल्या, “आज खोली दिसली. बरं वाटलं. त्या कपांना बुरशी येईल, धू ते.” आणि अगदी शेवटी, “बेकरी सोड. फेब्रुवारीपर्यंतचं माझ्या पेन्शनमधून पाठवते. फ्लॅटचं भाऊजी आणि मी बघू.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माणसांची पत अजमावण्यात माझं आयुष्य गेलं आणि या बाईची पत मला तेव्हा कळली.

पुढं काय झालं, हे वाचकांना हवं असणारच. पुतणीनं बेकरी सोडली. केरळच्या मुलीनं रोज संध्याकाळी दोन तास तिच्याबरोबर गणितं सोडवली. तिचा तो विषय आधीच सुटलेला होता आणि मैत्रीण दोनदा नापास झाली आहे हे तिलाही तोवर ठाऊक नव्हतं. २०२४च्या फेब्रुवारीत परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा इथं रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मला मोबाइलवर फक्त एक आकडा आला : ३.७. आपल्याकडच्या भाषेत काठावर पास. त्या आकड्याकडे मी जितका वेळ पाहिला, तितका स्वतःच्या बढतीच्या पत्राकडेही पाहिला नसेल. पुढं प्रबंध झाला, पदवी झाली, नोकरी लागायला आणखी काही महिने गेले. आता हप्ते ती स्वतः भरते. सगळ्यांचं असं होत नाही, हे मी जाणतो. ज्यांची तिसरी संधीही हुकते, अशी पोरं आहेत, आणि त्यांनाही आई असते.

मला सांगायचं आहे ते निकालाबद्दल नाहीच. परदेशात शिकणाऱ्या पोरांचं त्या आठवड्यात काय चालतं, ते मी पाहिलं. दिवाळी ही त्यांची अभ्यासातून सुटका नव्हती, उलट अभ्यासात आणखी एक भर होती. तरी त्यांनी ती सोडली नाही. भोंग्यावर टॉवेल धरून, रात्री साडेबाराला आंघोळ करून, भर दुपारी संध्याकाळ करून त्यांनी ती साजरी केली. त्यात आपल्याला दाखवायचा भाग होता, नाही असं नाही. पण लाडू खरे होते आणि हसणंही खरं होतं. नटवलेल्या ताळेबंदातही खरी जमा असतेच. प्रश्न फक्त एवढाच की, उरलेली पानं उघडून दाखवायला पोरांना आपली भीती वाटू नये.

पुढच्या दिवाळीत तुमच्याकडेही फोटो येईल. ‘कित्ती छान!’ जरूर म्हणा, ते छान असतंच. पण त्यानंतर एखादा फोन करा, मार्कांचं विचारू नका, फराळाचंही नको. म्हणा, “जरा फोन फिरव, तुझी खोली बघू दे.” आणि पसारा दिसला तर बरं वाटलं म्हणून सांगा. आमच्या वहिनींनी सांगितलं तसं.